आऊटचं खोकं

माझं आणि माझ्या नणंदेचं पटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाई साळसूदपणाचा आव आणते. लग्नाला चोवीस वर्षं झाली, तेवढ्यात आम्ही दोघी एकमेकींशी सरळ अशी चार वाक्यंही बोललो नसू. ती यांची मोठी बहीण, कॉलेजात इंग्रजीची प्राध्यापिका. हे ती तोंडाने सांगत नाही. कप खाली ठेवण्यातून सांगते, 'अगं' म्हणण्यातून सांगते. मी लग्नाआधी कोर्टासमोरच्या एका दुकानात टायपिंग करायचे. ते मात्र ती तोंडाने सांगते, आणि चारचौघांत सांगते.

आमचं भांडण पुस्तकावरून आहे. बाबा, म्हणजे माझे सासरे, चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी जोडशब्दांचा कोश करायला घेतला. इंग्रजीत एकच शब्द पुढे लावून शब्दांची अख्खी पलटण उभी राहते. ओव्हर, अंडर, बॅक, हँड, आऊट. मुलं नेमकी तिथेच आपटतात, असं त्यांचं म्हणणं. मग एकेका पुढच्या शब्दासाठी बुटांचं एकेक खोकं आलं आणि खोक्यात पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं. वर शब्द निळ्या शाईत, खाली आपल्या भाषेतला अर्थ काळ्या शाईत, आणि त्याखाली शब्द वापरून केलेलं इंग्रजी वाक्य हिरव्या शाईत. अशी सात खोकी झाली, चौदा वर्षांत.

बाबांचा एक नियम होता, आणि पुढचा सगळा घोळ त्या नियमापायीच झाला. वाक्य घरातलं हवं. पाठ्यपुस्तकातले शिकारीला निघालेले राजे आणि तळ्याकाठचे बगळे शिकवून शिकवून ते इतके विटले होते की म्हणायचे, ज्या शब्दाला आपल्या घरात काम नाही त्याला माझ्या खोक्यात जागा नाही. त्या आठवड्यात घरात जे झालं, जे बोललं गेलं, त्यातूनच वाक्य करायचं आणि कोपऱ्यात तारीख टाकायची. 'बॅकलॉग' लिहिला तेव्हा आमच्याकडे इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग साचला होता, तर वाक्यात तोच ढीग आला. 'ओव्हरफ्लो'च्या वाक्यात गच्चीवरची टाकी आहे आणि नळ बंद करायला विसरलेला यांचा भाऊबंद प्लंबर आहे.

तिसऱ्या वर्षी काचबिंदूने बाबांची नजर गेली. तेव्हापासून लिहायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, ते सकाळी नऊला जे जातात ते दिवेलागणीला येतात. सुरुवातीला बाबा सांगायचे आणि मी उतरवायची. मग अर्थ त्यांचा आणि वाक्य माझं, असं झालं. मग मीच शब्द शोधायला लागले, अर्थाचा कच्चा खर्डा करायला लागले. टायपिस्टचं इंग्रजी म्हणजे बोटांचं इंग्रजी, डोक्यापर्यंत पोचत नाही. माझं अकरा वर्षांत पोचलं. संध्याकाळी मी दिवसभराची कार्डं त्यांना वाचून दाखवायची. ते ऐकायचे, अर्थ घासूनपुसून घ्यायचे आणि शेवटी न चुकता विचारायचे, घरातलं आहे ना? मी हो म्हटलं की जांभळ्या शाईच्या पॅडवर अंगठा दाबून तो कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात उठवायचे. कार्ड पास. बोटांना सुलटं-उलटं कळावं म्हणून प्रत्येक कार्डाचा वरचा एक कोपरा मी कात्रीने तिरका कापून ठेवायची.

महिन्याची कार्डं झाली की बाबा स्वतः त्यांची जुडी सुतळीने बांधून खोक्यात ठेवायचे. बांधलेली जुडी मी सोडायची नाही. पास झालेल्या शब्दाला पुन्हा हात लावायचा नाही, नाहीतर माणूस जन्मभर खाडाखोडच करत बसतं, असं त्यांचं मत होतं. मीही कधी सोडली नाही. कामं काय कमी होती मला?

नणंद दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी यायची. आली की थेट बाबांच्या खोलीत, आणि दार बंद. तासभर आतून नुसती कुजबुज. मग ती बाहेर यायची ती तोंड फुगवूनच. चहा दिला तर तो गार करून ठेवणार, नाही दिला तर नाही दिला म्हणणार. जाता जाता एखादी टाचणी टोचल्याशिवाय तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडायचा नाही. आत बसून ही माझ्याविरुद्ध म्हाताऱ्याचे कान भरते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. यांना सांगितलं तर हे म्हणायचे, असेल, किंवा नसेलही. आमचे हे म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. दोघींनाही तीच वेळ सांगणार.

आऊटचं खोकं सगळ्यात शेवटी घेतलं. बाबांनी ते मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण त्यांच्या मते ते सगळ्यात फसवं. आऊट म्हणजे बाहेर, एवढं कुणालाही येतं. त्यामुळे 'आऊटडोअर', 'आऊटहाऊस' सोपे. पण 'आऊटरन' म्हणजे काही बाहेर पळणं नव्हे, पळण्यात दुसऱ्याला मागे टाकणं. 'आऊटलिव्ह' म्हणजे बाहेर राहणं नव्हे, दुसरा गेल्यावर आपण मागे उरणं. 'आऊटडू' म्हणजे एखाद्या कामात दुसऱ्यावर मात करणं. बाबा म्हणायचे, सूनबाई, हे खोकं भांडखोर आहे, यातला प्रत्येक दुसरा शब्द कुणाच्या तरी पुढे जायला निघालाय. तब्येत उतरत चालली होती, दिवसाला एखादंच कार्ड व्हायचं, कधी तेही नाही. त्या एका खोक्याला चार वर्षं लागली.

त्याच खोक्याच्या पहिल्या महिन्यात नणंदेने बाबांचे दोन जुने विद्यार्थी घरी आणले. ते कौतुकाने माझ्याकडे बघून म्हणाले की एवढी कार्डं तुम्ही लिहिलीत. मी काही बोलायच्या आत ही हसून म्हणाली, "लिहिलीत म्हणजे काय, बाबा बोलतात आणि ती उतरवते. हात तिचा, एवढंच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाहुण्यांसमोर मूग गिळून बसले, कपबशा उचलल्या, आत जाऊन त्या इतक्या जोरात विसळल्या की एकीचा कान उडाला. दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसले तर शब्द आला 'आऊटसायडर'. उपरा, बाहेरचा माणूस. घरातलं वाक्य हवं ना? घ्या घरातलं. हिरव्या शाईत लिहिलं: माझी नणंद महिन्यातून एकदा येते आणि ज्या घरातली भांडी मी रोज घासते त्या घरात मला उपरी ठरवते.

काय बरं वाटलं म्हणून सांगू. पण संध्याकाळी बाबांसमोर बसले आणि जीभ उचलेना. त्यांच्याच लेकीबद्दल त्यांना काय वाचून दाखवणार? मग मी कार्डाकडे बघत बघत दुसरंच वाक्य वाचलं, की शेजारच्या इमारतीत नवीन आलेल्या बाईंना पहिले काही दिवस उपरं वाटलं. बाबांनी कार्ड हातात घेऊन कापलेला कोपरा चाचपला. मग विचारलं, घरातलं आहे ना? मी म्हटलं, हो बाबा. त्यांनी अंगठा उठवला.

एकदा सवय लागली की लागली. नणंद येऊन गेली की एक कार्ड तिच्या नावावर. 'आऊटस्टे', म्हणजे पाहुणचार संपला तरी मुक्काम न हलवणं: घराला रंग लावायचाय म्हणून नणंद दोन दिवस आली आणि नऊ दिवस राहिली. 'आऊटबर्स्ट', अचानक झालेला संतापाचा स्फोट: चहात साखर पडली म्हणून नणंदेने केलेला तमाशा खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. 'आऊटस्पोकन', तोंडावर बोलणारा: नणंद स्वतःला स्पष्टवक्ती म्हणवते, बाकीचे त्याला वेगळा शब्द वापरतात. या शेवटच्यावर तर मी स्वतःशीच खूश होऊन दोनदा हसले. आणि दर वेळी संध्याकाळी बाबांना वाचून दाखवायची एखादं गुळमुळीत वाक्य. ते दर वेळी विचारायचे, घरातलं आहे ना? मी दर वेळी हो म्हणायची. आंधळ्या माणसाशी खोटं बोलायला फार अक्कल लागत नाही. लाज बाजूला ठेवावी लागते, तेवढी मी ठेवली.

अशी एक्केचाळीस झाली. मोजलेली आहेत.

बाबा आठ महिन्यांपूर्वी गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. सगळं आटोपल्यावर नणंदेने कपाटावरची खोकी बघितली आणि त्यातलं एकच उचलून काखेत मारलं. आऊटचं. हे मी वाचायला नेते, म्हणाली, आणि निघालीसुद्धा. आता ही जुड्या सोडणार, वाचणार आणि भर चौकात माझं वस्त्रहरण करणार. पहिले दोन महिने फोन वाजला तरी दचकत होते. पण काहीच झालं नाही. तेव्हा मी धरून चालले की प्राध्यापिकाबाईंना सुतळी सोडायलाही सवड झालेली नाही.

मग प्रकाशकांचं पत्र आलं. शालेय पुस्तकं छापणारे गृहस्थ, बाबांनी हयातीतच त्यांच्याशी बोलून ठेवलेलं. पुस्तक छापायला घेतोय, म्हणत होते, आणि सोबत पहिल्या पानाचा नमुना होता. बाबांचं नाव. त्याखाली, संपादन: नणंदेचं नाव, पुढे पदव्या. आणि पाठीमागे आभारात शेवटची ओळ: कार्डं उतरवण्याच्या कामी घरातल्यांनी मदत केली.

घरातल्यांनी. नावसुद्धा नाही. अकरा वर्षं माझी मान आणि मनगट त्या कार्डांवर मोडलं, आणि मी घरातल्यांनी. असा संताप आला की तो कागद हातात घेऊन मी दुकानावर गेले. यांनी भिंग डोळ्यावरून काढलं, कागद वाचला आणि म्हणाले, ताईला विचारून बघू. मी म्हटलं, विचारायचं काही नाही, माझं नाव पुस्तकावर आलं पाहिजे, बाबांच्या खाली आणि तिच्या वर. नाहीतर उरलेली सहा खोकी या घरातून हलणार नाहीत. हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाची तरी बाजू घ्यावी लागणार म्हणून घाबरलेले दिसले. पण बुधवारी दुपारी दुकान बंद ठेवून त्यांनी सहाही खोकी रिक्षात घातली, हे कबूल केलं पाहिजे.

प्रकाशकांचं ऑफिस एका वह्यांच्या दुकानावर, अरुंद जिन्याने चढून. टेबलाच्या तिन्ही बाजूंना पुस्तकांचे गठ्ठे, मधे प्रकाशक, चष्मा दोरीने गळ्यात. नणंद आधीच येऊन बसली होती. मांडीवर आऊटचं खोकं, त्यावर दोन्ही हात. मी बसले, हे खोकी ठेवून खाली रिक्षावाल्याशी बोलायला निघून गेले, आणि वर आले नाहीत.

प्रकाशक बिचारे सरळ माणूस. म्हणाले, मला घरच्या भांडणात पडायचं नाही, पण नाव कुणाचं टाकायचं ते आज ठरू द्या. मी म्हटलं, वाक्यं माझी आहेत. नणंद शांतपणे माझ्याकडे बोट करून म्हणाली की अक्षर तिचं आहे, वाक्यं बाबांची. तिने लिहिलं म्हणजे तिने रचलं असं होत नाही. बाबा सांगत होते. मी सहा खोक्यांतली माझ्या अक्षरातली कार्डं काढून दाखवली. ती प्रत्येक कार्डावर तेच म्हणाली. अक्षर तिचं, वाक्य बाबांचं. आणि खरंच, इस्त्रीच्या ढिगावरचं वाक्य माझं की त्यांचं, हे कार्ड बघून कोण सांगणार? प्रकाशकांनी चष्मा पुसला आणि मला विचारलं की वाक्य तुमचंच आहे हे कळेल असं एखादं कार्ड आहे का.

आणि मला कळून चुकलं की आहेत. एक्केचाळीस आहेत. बाबांनी जन्मात सांगितली नसती अशी, सख्ख्या लेकीची लक्तरं काढणारी. माझ्या बाजूचा तेवढाच पुरावा होता, आणि तो तिच्या मांडीवर होता. तो उघडला तर नाव मिळणार, पण त्याबरोबर हेही उघडं पडणार की चार वर्षं मी आंधळ्या सासऱ्याला समोर बसवून फसवलं. नाही उघडला तर मी घरातल्यांनी. मी पाणी मागितलं, अख्खा ग्लास संपवला. मग वाटलं, वाईट तर वाईट. वाईट बाई म्हणून नाव राहिलं तरी चालेल, पण हात म्हणून नाही राहायचं.

मी म्हटलं, आऊटचं खोकं उघडा.

नणंदेने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं नको म्हणेल. तिने खोकं टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे सरकवलं. मी पहिली जुडी सोडली, 'आऊटसायडर' काढलं आणि मोठ्याने वाचलं, आधी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत. भांडी घासण्यापर्यंत आले तेव्हा प्रकाशक टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. मी म्हटलं, हे बाबांनी सांगितलेलं नाही. हे माझं आहे. अशी आणखी चाळीस आहेत.

आता ती फाडून खाईल म्हणून मी तिच्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तशीच बघत बघत म्हणाली, घराला रंग लावायचाय म्हणून नणंद दोन दिवस आली आणि नऊ दिवस राहिली. मग साखरेचं म्हणून दाखवलं. मग स्पष्टवक्तीचं. कार्ड न बघता, एकामागून एक, एक अक्षरही न चुकता. तिला सगळी पाठ होती.

"अंगठे बघ," ती म्हणाली.

मी कार्ड उजेडात धरलं. डाव्या कोपऱ्यात बाबांचा जांभळा अंगठा होता, माझ्यासमोर उठवलेला. उजव्या कोपऱ्यात आणखी एक होता. तोही बाबांचाच; त्यांच्या अंगठ्यावरचा तो आडवा व्रण मी कुठेही ओळखला असता. मी दुसरं कार्ड काढलं, तिसरं काढलं. सगळ्यांवर दोन दोन.

"हे खोकं फसवं, म्हणून याच्यापुरती ते दुसऱ्या रविवारी महिन्याची जुडी मला सोडायला लावायचे," ती म्हणाली. "सगळी कार्डं वाचून घ्यायचे. पहिल्यांदा हे आलं तेव्हा मी थांबले. काय झालं, म्हणाले. मी वाचलं. जसं होतं तसं. वाचून विचारलं, बाबा, हे काढून टाकू? तर म्हणाले, खोटं आहे का? मी काही बोलले नाही. शब्द नीट वापरलाय ना, म्हणाले. मी म्हटलं, हो. मग अंगठा उठवला आणि म्हणाले, पुढचं वाच."

प्रकाशकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, परत काढला. खाली वह्यांच्या दुकानात कुणी तरी रेघी वही मागत होतं.

ती पुढे म्हणाली, दर महिन्याला तिला ठाऊक असायचं की मागच्या भेटीचं कार्ड जुडीत असणार. वाचायची, ऐकून घ्यायची, बाहेर यायची, आणि समोर मी चहा घेऊन उभी. मला तेव्हा लख्ख दिसलं: बाहेर येताना फुगलेलं तोंड, त्यावरून मी फणकारणार, ती टोचून बोलणार, आणि त्याचं पुढचं कार्ड. चार वर्षं आम्ही दोघी एकमेकींना असं घाण्याला जुंपून घेतलं होतं. आणि संपादक व्हायची, म्हणाली, तिला काही हौस नव्हती. तिच्याच कॉलेजातली पोरं हे पुस्तक वाचणार, आणि त्यातली नणंद कोण ते न कळण्याएवढी पोरं खुळी नसतात. संपादक झालं तरच ती एक्केचाळीस वाक्यं रीतसर काढता येणार होती. जाळून टाकता आली असती, सात महिने खोकं तिच्याच घरात होतं. पण वर बाबांचा अंगठा होता.

पण माझं डोकं तिथे नव्हतंच. माझं डोकं बाबांवर गेलं होतं. म्हणजे त्या माणसाला सगळं ठाऊक होतं. कार्डावर काय आहे ते ठाऊक होतं, आणि तरी दर संध्याकाळी मी समोर बसून गोड गोड थापा वाचायची आणि ते ऐकून घ्यायचे. घरातलं आहे ना? हो बाबा. एकदा तरी म्हणायचं होतं, सूनबाई, खोटं बोलतेस. नाही म्हणाले. विचारत राहिले आणि माझ्या खोट्यावर अंगठा उठवत राहिले. मला आधी त्यांचा राग आला, भयंकर राग आला, आणि मग एवढी लाज वाटली की मी टेबलाखाली पदर पिळत बसले.

शेवटी प्रकाशक म्हणाले की वाक्यं कुणाची हे तर ठरलं. नणंद म्हणाली, तिचं नाव टाका. आवाजात मायेचा लवलेश नव्हता. मी म्हटलं, ती एक्केचाळीस पुस्तकात जाणार नाहीत, मी नवीन लिहून देते.

"घरातली हवीत," ती म्हणाली. "शेजारच्या बाईंना उपरं वाटलं असली चालणार नाहीत. आणि पास झाल्याशिवाय छापायची नाहीत."

पास कोण करणार, हे मी विचारलं नाही.

महिनाभर ती कोरी कार्डं माझ्यासमोर होती. नणंदेबद्दल खरं आणि घरातलं आणि वाईट नाही असं वाक्य करून बघा एकदा. चोवीस वर्षं उलटीपालटी केली. 'आऊटशाइन'वर तीन दिवस बसले. खोटं वाक्य चुटकीसरशी होत होतं, सरावच होता. ते फाडून टाकत होते. हे म्हणाले, काहीतरी लिही आणि मोकळी हो. मी म्हटलं, तुम्ही घड्याळं बघा.

दुसऱ्या रविवारी ती आली. तीच वेळ, तीच पर्स, तोच वास तिच्या पावडरीचा. मी चहा ठेवला, तिने त्याच्याकडे बघितलं नाही. थेट बाबांच्या खोलीत गेली, त्यांच्या खुर्चीत बसली आणि जांभळं पॅड पुढ्यात ओढलं. मी मागून गेले आणि दार लावून घेतलं. त्या बंद दाराच्या आतल्या बाजूला मी त्या दिवशी पहिल्यांदा उभी होते.

माझ्याकडे एकच कार्ड झालं होतं. 'आऊटडू', एखाद्या कामात दुसऱ्यावर मात करणं. जुन्या कार्डावर मी लिहिलं होतं की टोमणे मारण्यात नणंदेवर कुणीही मात करू शकत नाही. नवीन कार्ड मी हातात धरलं आणि त्यावर जे होतं तेच वाचलं.

"बाबांना कार्डावरचं खरं वाचून दाखवण्यात माझ्या नणंदेने माझ्यावर मात केली."

बाहेर यांनी नळ सोडला, बंद केला. मग तिने विचारलं, "घरातलं आहे ना?"

"हो, ताई."

तिने अंगठा पॅडवर दाबला, कोपऱ्यात उठवला आणि रुमालाला पुसला. चेहरा तसाच, दगडी.

"चाळीस राहिलीत," म्हणाली. "पुढचं वाच."